ईमेल सर्व्हर स्वतः लिहिताना आरएफसीतील नियम कितपत अक्षरशः पाळावेत?

किल्ले गावठाण, बेलापूर

नमस्कार. सीबीडी बेलापूरमधील आमची लहानशी कंपनी न्हावा शेवा बंदरातून आयात माल सोडवून देणाऱ्या कस्टम्स एजंटांसाठी सॉफ्टवेअर तयार करते. डिलिव्हरी ऑर्डर, अरायव्हल नोटीस, पॅकिंग लिस्ट, इनव्हॉइस ही सगळी कागदपत्रे एजंटांना ईमेलनेच येतात आणि आजवर आम्ही ती त्यांच्या मेलबॉक्समधून आयमॅपद्वारे ठरावीक वेळाने ओढून घेत आलो आहोत. आता प्रत्येक कन्साइनमेंटसाठी आमच्याच डोमेनवर स्वतंत्र पत्ता द्यावा आणि त्या पत्त्यावर आलेला मेल थेट त्या फाइलला जोडला जावा, असा विचार आहे. त्यासाठी फक्त मेल स्वीकारणारा, पाठवण्याचे काम अजिबात न करणारा एसएमटीपी (सर्व्हरांमध्ये मेल देण्याघेण्याची प्रमाण पद्धत) सर्व्हर गो भाषेत लिहायला घेतला आहे.

त्यासाठी आरएफसी ५३२१, म्हणजे आरएफसी नावाच्या इंटरनेट मानकांच्या मालिकेतील एसएमटीपीचे नियम सांगणारा दस्तऐवज, वाचतो आहे. जवळपास शंभर पानांचा हा दस्तऐवज समजत नाही असे नाही, परंतु त्यातील कोणता नियम आजही बंधनकारक आहे आणि कोणता केवळ इतिहास म्हणून उरला आहे, हे वाचताना उमगत नाही. उदाहरणार्थ, समोरच्या सर्व्हरने एहलोमध्ये (जोडणीच्या सुरुवातीला स्वतःची ओळख देणारी आज्ञा) सांगितलेले नाव त्याच्या आयपी पत्त्याशी जुळले नाही, तरी तेवढ्या कारणावरून मेल नाकारू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. प्रत्यक्षात मोठमोठे सर्व्हर अशा कारणांवरून बेधडक मेल नाकारताना दिसतात. ओळीची मर्यादा १००० ऑक्टेट (म्हणजे बाइट) सांगितली आहे, पण एका शिपिंग कंपनीच्या प्रणालीतून येणाऱ्या नोटिशीचा सगळा एचटीएमएल मजकूर एकाच ओळीत असतो आणि ती ओळ कित्येक हजार अक्षरांची असते. असे मेल नाकारले तर नियम पाळला जाईल, पण एजंटाचा कंटेनर बंदरात अडकेल.

आमची सध्याची रचना अशी आहे. मजकूर संपल्याची खूण म्हणजे एकट्या टिंबाची ओळ आली की सर्व्हर लगेच २५० (मेल स्वीकारला) असे उत्तर देतो, संदेश मेमरीतील रांगेत टाकतो, आणि मागून दुसरी प्रक्रिया त्यातील पीडीएफ वेगळ्या काढून डेटाबेसमध्ये नोंद करते. नेटकॅट या जोडणी तपासण्याच्या साधनाने हाताने आज्ञा देऊन पाहिल्या असता सर्व काही सुरळीत चालते. ज्या क्लाउडवर सर्व्हर आहे तेथे बाहेर जाणारा २५ क्रमांकाचा पोर्ट बंद आहे, परंतु आम्हाला मेल पाठवायचेच नसल्याने त्याची अडचण वाटत नाही. नियम वाचताना कोणते निकष लावावेत, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

ऐरोलीकर

प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आरएफसी ५३२१ हा एका बैठकीत लिहिलेला दस्तऐवज नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. त्याचे मूळ जॉन पोस्टेल यांच्या १९८२ मधील आरएफसी ८२१ मध्ये आहे. २००१ मध्ये जॉन क्लेन्सिन यांच्या संपादनाखाली आरएफसी २८२१ आला आणि २००८ मध्ये ५३२१. दर वेळी जुन्या सर्व्हरांशी नाते तुटू नये म्हणून जुने पाठ तसेच ठेवले गेले. त्यामुळे ज्यात मेल कोणत्या वाटेने जावा ते पत्त्यातच लिहिलेले असे, ती जुनी पद्धत तुम्हाला तेथे अजूनही भेटेल. असा पत्ता आलाच तर तो ओळखता आला पाहिजे, मात्र त्यातील वाटेकडे दुर्लक्ष करून शेवटचा पत्ता तेवढा घ्यायचा.

मस्ट, शुड आणि मे या मोठ्या अक्षरांतील शब्दांचे अर्थ १९९७ च्या आरएफसी २११९ ने ठरवून दिले आहेत. मस्ट म्हणजे सक्ती. शुड म्हणजे परिणामांचा पूर्ण विचार करून, सबळ कारण असेल तरच सोडता येईल असा नियम. मे म्हणजे निव्वळ मुभा. हे बहुतेकांना ठाऊक असते, परंतु त्या वाक्याचा कर्ता कोण आहे याकडे दुर्लक्ष होते. तुमचे १००० ऑक्टेटांचे उदाहरण घ्या. पाठवणाऱ्याने त्याहून लांब ओळ पाठवू नये, ही त्याच्यावरची मर्यादा आहे. स्वीकारणाऱ्याच्या बाजूने तो आकडा किमान क्षमतेचा आहे, म्हणजे निदान एवढी ओळ तरी तुम्हाला घेता आलीच पाहिजे, आणि शक्य तेथवर कोणतीही मर्यादा न घालणारी पद्धत वापरावी, असे तोच दस्तऐवज सांगतो. एका मेलला निदान १०० प्राप्तकर्ते घेता आले पाहिजेत, तोही असाच किमान आकडा आहे. तेव्हा लांब ओळी खुशाल स्वीकारा, मेमरी भरू नये म्हणून स्वतःची एक उदार कमाल मर्यादा ठेवा, आणि कृपा करून त्या ओळी तोडून नीटनेटक्या करू नका, कारण मजकुराला हात लागला की डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनने मेलवर केलेली डिजिटल, सही तपासताना खोटी ठरते.

एहलोच्या नावाबाबत तुम्ही वाचले ते बरोबर आहे. मात्र त्याच दस्तऐवजाच्या सातव्या विभागाच्या अखेरीस असेही म्हटले आहे की, आपल्या व्यवस्थेच्या दृष्टीने रास्त असलेल्या कोणत्याही तांत्रिक किंवा व्यवहारी कारणास्तव सर्व्हर मेल नाकारू शकतो. मोठे सर्व्हर याच दाराने आत येतात. तुमच्यासाठी मात्र पहिलाच नियम सोयीचा आहे, कारण परदेशातील शिपिंग कंपन्यांचे कित्येक सर्व्हर एहलोमध्ये अंतर्गत जाळ्यातील नाव सांगतात आणि ते नाकारून तुमच्या पदरात काहीही पडणार नाही.

आता ज्याविषयी तुम्ही विचारले नाही, पण जे मला सर्वांत गंभीर वाटते, त्याकडे वळतो. मजकुराच्या शेवटी तुम्ही २५० म्हणता तेव्हा त्या मेलची जबाबदारी पाठवणाऱ्याकडून तुमच्याकडे येते. रजिस्टर्ड टपालाच्या पोचपावतीवर सही करण्यासारखेच ते आहे. सही मिळाली की पोस्टमनचे काम संपले. समोरचा सर्व्हर त्या क्षणी आपल्या रांगेतील प्रत काढून टाकतो. यानंतर यंत्र कोसळले, किंवा आधीच अंदाज येऊ शकला असता अशा कारणाने डिस्क भरली, तर त्या सबबीवर मेल हरवता कामा नये, असे सहाव्या विभागात मस्टच्या सक्तीने लिहिले आहे. मेल पोचवता आला नाही, तर तसे कळवणारा बाउन्स पाठवण्याचे बंधनही तुमच्यावर येते. तुमच्या रचनेत २५० म्हणतेवेळी मेल फक्त मेमरीत आहे आणि बाहेर जाणारा पोर्ट बंद असल्याने बाउन्स पाठवण्याची सोयच नाही. सर्व्हर अद्ययावत करताना प्रक्रिया एकदा बंद करून सुरू केली, की रांगेतील डिलिव्हरी ऑर्डर गेली, आणि ती गेल्याचे ना तुम्हाला कळेल ना पाठवणाऱ्याला.

तेव्हा तुमच्यापुरता निकष असा ठेवा की जे काही नाकारायचे, तपासायचे किंवा ठरवायचे ते २५० च्या आधी. पत्ता अस्तित्वात नसेल तर आरसीपीटीच्या (प्राप्तकर्ता सांगणारी आज्ञा) उत्तरातच ५५० द्यावे. मेल आकाराने मोठा असेल तर पाठवणाऱ्याने साइझ सांगितलेला असतो, तेव्हा मेल फ्रॉमच्या (पाठवणारा सांगणारी आज्ञा) उत्तरातच ५५२ द्यावे. येथे एक हिशेब लक्षात ठेवा: मेलमध्ये फाइल अक्षरांत रूपांतरित करणाऱ्या बेस६४ मुळे जोडलेली फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे २५ एमबीची मर्यादा ठेवली तर प्रत्यक्षात १८ एमबीच्या आसपासची पीडीएफच आत येईल, आणि स्कॅन केलेल्या कागदांचा गठ्ठा त्याहून मोठा असणे नवलाचे नाही.

आणखी एक गोष्ट उत्तराच्या पहिल्या अंकाविषयी. ४ म्हणजे आत्ता जमत नाही, पुन्हा या. ५ म्हणजे कधीच जमणार नाही. महापे येथील एका ग्राहकाकडे पत्त्यांची यादी ज्या डेटाबेसमध्ये होती तो रात्री बंद पडला, आणि त्यांच्या सर्व्हरने 'यादी मिळाली नाही' याचा अर्थ 'पत्ता नाही' असा लावून तासभर सगळ्यांना ५५० सांगितले. सकाळपर्यंत कित्येक पाठवणाऱ्या प्रणालींनी ते पत्ते मृत समजून आपल्या याद्यांतून काढून टाकले होते. तेथे ४५१ दिले असते, तर तेच मेल थोड्या वेळाने आपोआप आले असते. तुमच्या कोडमध्ये त्रुटी आली की कोणता अंक जातो, ते प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे तपासा. सर्व्हर बंद करताना ४२१ सांगून जोडणी तोडावी, हेही त्यातच आले.

तलावपाळी, ठाणे

ऐरोलीकरांच्या प्रत्येक मुद्द्याशी सहमत आहे, परंतु मूळ निर्णयाशी नाही. २५ क्रमांकाच्या पोर्टवर स्वतः लिहिलेला प्रोग्राम जगासमोर उभा करण्याचे कारण मला अजूनही दिसत नाही.

पुढे पोस्टफिक्स हा तयार मेल सर्व्हर ठेवावा आणि त्याच्या मागे तुमचा गो प्रोग्राम एलएमटीपीवर चालवावा. पत्ते रोज नव्याने तयार होतात ही अडचण नाही. पोस्टफिक्स प्राप्तकर्त्यांची यादी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसच्या तक्त्यातून दर वेळी विचारून घेऊ शकतो. एलएमटीपी, म्हणजे आरएफसी २०३३, हा एसएमटीपीचाच धाकटा भाऊ असून त्यात एक मोठी सोय आहे. एसएमटीपीमध्ये एक मेल पाच पत्त्यांसाठी आला, तरी मजकुराच्या शेवटी उत्तर एकच द्यावे लागते. त्यातील चार नोंदी झाल्या आणि पाचवी फसली, तर २५० म्हणावे की ४५१, असा पेच पडतो. २५० म्हटले तर पाचव्याची जबाबदारी गळ्यात येते आणि ४५१ म्हटले तर चौघांना तोच मेल पुन्हा मिळतो. एलएमटीपीमध्ये प्रत्येक पत्त्यासाठी वेगळे उत्तर देता येते. तुमच्याकडे एकच मेल अनेक कन्साइनमेंटांच्या पत्त्यांवर येणे अगदी साहजिक आहे, त्यामुळे हा पेच तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल.

रांग, पुन्हा प्रयत्न, टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणे), एकाच पत्त्यावरून होणाऱ्या जोडण्यांवर मर्यादा हे सारे आयते मिळते. स्वतः सर्व्हर लिहिण्याने ज्ञान मिळते हे खरे, पण ते ज्ञान ग्राहकाच्या कागदपत्रांवर मिळवू नये.

किल्ले गावठाण, बेलापूर

दोघांचेही आभार. पोस्टफिक्सचा पर्याय कंपनीत मांडतो. तूर्त मात्र लिहिलेले कोड टाकून देण्याआधी काही शंका विचारतो.

२५० च्या आधी सर्व काही करायचे, तर पीडीएफ वेगळ्या काढून नोंद होईपर्यंत पाठवणाऱ्याला थांबवून ठेवावे लागेल. मोठ्या फाइलींना अर्धा-एक मिनिट लागू शकतो. तो किती वेळ थांबतो? दुसरे, ओळीच्या शेवटी सीआर-एलएफ (ओळ संपल्याची दोन अदृश्य चिन्हे) हवाच, असा आग्रह दस्तऐवजात आहे, पण नेटकॅट केवळ एलएफ पाठवतो आणि आमचा सर्व्हर तोही चालवून घेतो. 'स्वतः काटेकोर असा, दुसऱ्याचे उदारपणे घ्या' हे पोस्टेल यांचेच तत्त्व आहे ना? तिसरे, आमच्या एका भागीदाराला देवनागरीतील ईमेल पत्ते हवे आहेत. ते जोडणे कितपत अवघड आहे?

घणसोलीचा गो-वाला

पहिल्या दोन शंकांची उत्तरे माझ्या रोजच्या कामातील आहेत.

दस्तऐवजानुसार शेवटच्या टिंबानंतर पाठवणाऱ्याने १० मिनिटे थांबावे. प्रत्यक्षात त्या कालावधीच्या भरवशावर राहू नये, कारण तो कंटाळून जोडणी तोडून गेला आणि तुम्ही मात्र मेल घेतला, तर तो तोच मेल पुन्हा आणून देतो. हा दुहेरी मेलांचा प्रश्न १९८८ मध्येच आरएफसी १०४७ मध्ये मांडला गेला होता आणि त्याचे उत्तर अजूनही तेच आहे: शेवटचे टिंब आणि २५० यांच्यामधले काम शक्य तितके थोडे ठेवा. ऐरोलीकरांनी सांगितलेल्या जबाबदारीचा अर्थ सगळी प्रक्रिया आधी करा असा होत नाही, मेल सुरक्षित ठेवा एवढाच होतो. आलेला मेल जसाच्या तसा तात्पुरत्या फाइलीत लिहा, एफसिंक करा (म्हणजे डिस्कवर खरोखर लिहिले गेल्याची खात्री करा), तिचे नाव बदलून अंतिम डिरेक्टरीत न्या, त्या डिरेक्टरीवरही एफसिंक करा आणि मग २५० म्हणा. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या मेलडिर रचनेत टीएमपी आणि न्यू अशा दोन डिरेक्टऱ्या असतात त्या याचसाठी. पीडीएफ काढण्याचे काम त्यानंतर सावकाश होऊ द्या; मध्येच यंत्र बंद पडले तरी फाइल जागेवर असेल.

एवढे करूनही दुहेरी मेल येणारच. तुम्ही २५० पाठवले आणि ते पोचण्याआधीच जोडणी तुटली, तर पाठवणाऱ्याला काहीच कळलेले नसते. म्हणून मागच्या प्रक्रियेने तीच कागदपत्रे दोनदा आली तर ओळखली पाहिजेत. केवळ मेसेज-आयडीवर (मेलच्या हेडरमधील ओळख क्रमांक) विसंबू नका, काही प्रणाली तो प्रत्येक नोटिशीला एकच लावतात. मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) सोबत ठेवा.

आता सीआर-एलएफ. येथे मी ठामपणे सांगेन की उदारपणा नको. कारण समजून घेतले की नियम आपोआप पटतो. मजकूर कोठे संपतो हे एसएमटीपीमध्ये फक्त सीआर-एलएफ, टिंब, सीआर-एलएफ या खुणेवरून ठरते. समजा 'अ' हा सर्व्हर केवळ हीच खूण मानतो आणि 'ब' हा सर्व्हर एलएफ, टिंब, एलएफ यालाही शेवट समजतो. 'अ' वर खाते असलेल्या एखाद्या भामट्याने मजकुराच्या मध्ये ती दुसरी खूण टाकली आणि तिच्यापुढे मेल फ्रॉम, आरसीपीटी टू, डेटा अशा आज्ञा लिहिल्या, तर 'अ' ला तो एकच मेल दिसतो आणि तो निमूटपणे पुढे पाठवतो. 'ब' ला मात्र तेथे पहिला मेल संपून दुसरा सुरू झालेला दिसतो, आणि त्या दुसऱ्या मेलवर पाठवणारा म्हणून 'अ' च्या डोमेनमधील कोणाचेही नाव असू शकते. जोडणी खरोखरच 'अ' च्या आयपी पत्त्यावरून आलेली असल्याने एसपीएफची (त्या डोमेनचे मेल कोणत्या आयपी पत्त्यांवरून येऊ शकतात याची) तपासणी बिनबोभाट पार पडते. डिसेंबर २०२३ मध्ये एसईसी कन्सल्ट या सुरक्षा कंपनीच्या संशोधनातून हा प्रकार एसएमटीपी स्मगलिंग या नावाने उघड झाला. पोस्टफिक्स, सेंडमेल आणि एक्झिम या तिन्ही जुन्याजाणत्या सर्व्हरांना त्यानंतर दुरुस्त्या कराव्या लागल्या. शिपिंग कंपनीच्या नावाने खोटी डिलिव्हरी ऑर्डर येण्याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. पोस्टेल यांच्या त्या तत्त्वाचा अतिरेक झाल्याने प्रोटोकॉल कसे बिघडतात, यावर २०२३ मध्येच आरएफसी ९४१३ आला आहे, तो अवश्य वाचावा.

गोमध्ये हा धोका न कळत शिरतो. त्याच्या बफआयओ या आयत्या पॅकेजमधील स्कॅनर ओळी तोडताना सीआर असो वा नसो, एलएफ दिसला की ओळ संपली असे मानतो. टेक्स्टप्रोटो या दुसऱ्या पॅकेजमधील डॉट-रीडरही एकट्या एलएफला चालवून घेतो, शिवाय आलेले सीआर-एलएफ बदलून नुसते एलएफ करून देतो, म्हणजे जसाच्या तसा मेल साठवण्याचा हेतूच फसतो. तेव्हा मजकूर वाचणारा भाग स्वतः, एकेक बाइट पाहत लिहा. एकटा सीआर किंवा एकटा एलएफ आला तर ५५४ देऊन मेल नाकारणे मला रास्त वाटते; एखादा जुना पाठवणारा त्यात अडकला, तर त्याच्यापुरता अपवाद पुढे करता येतो. नेटकॅटने तपासताना त्याच्या बहुतेक आवृत्त्यांत सीआर-एलएफ पाठवण्याचा पर्याय असतो, तो वापरावा. एसएमटीपी तपासण्यासाठीच असलेले स्वॅक्स हे साधन वापरलात तर आणखी उत्तम.

टिंबाचा दुसरा नियमही येथेच पाहा. मजकुरातील एखादी ओळ मुळातच टिंबाने सुरू होत असेल, तर पाठवणारा तिच्याआधी आणखी एक टिंब लावतो आणि ते पहिले टिंब काढून टाकणे तुमचे काम असते. हा भाग चुकला तरी चाचण्यांत कळत नाही, कारण साध्या मेलांत अशी ओळ क्वचितच येते. मग एके दिवशी लांब मजकुराची ओळ नेमकी दशांश चिन्हापाशी तुटते आणि रकमेपुढे दोन टिंबे दिसू लागतात.

पाइपलायनिंग (उत्तराची वाट न पाहता आज्ञा पाठवू देण्याची सोय) एहलोच्या उत्तरात जाहीर करणार असाल, तर पाठवणारा मेल फ्रॉम, सगळे आरसीपीटी आणि डेटा एका दमात पाठवतो. तुम्ही प्रत्येक आज्ञेनंतर बफर रिकामा करत असाल तर पुढच्या आज्ञा गायब होतात आणि दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत बसतात. याला अपवाद एकच, तो स्टार्टटीएलएसचा (जोडणी कूटबद्ध करायला सांगणारी आज्ञा). त्या आज्ञेनंतर बफरमध्ये काही शिल्लक राहिले असेल, तर ते टाकूनच द्यायचे, नाहीतर मध्ये बसलेल्याने उघड्या जोडणीत घुसवलेल्या आज्ञा कूटबद्ध जोडणीतून आल्याप्रमाणे अमलात येतात. २०११ मध्ये पोस्टफिक्सचे कर्ते वित्से व्हेनेमा यांनी ही त्रुटी दाखवून दिली होती आणि ती खुद्द पोस्टफिक्समध्येही होती. टीएलएस सुरू झाल्यावर आधीचे एहलोही विसरायचे. समोरच्याने ते पुन्हा म्हटले पाहिजे.

एहलोच्या उत्तराचे रूप मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा:

२५०-मेल सर्व्हरचे नाव
२५०-साइझ २६२१४४००
२५०-पाइपलायनिंग
२५० एटबिटमाइम

शेवटची ओळ सोडून प्रत्येक ओळीत अंकानंतर आडवी रेघ आणि शेवटच्या ओळीत मोकळी जागा. शेवटच्या ओळीतही रेघ राहिली, तर समोरचा पुढच्या ओळीची वाट पाहत कालावधी संपेपर्यंत स्तब्ध उभा राहतो, आणि तुमच्या लॉगमध्ये काहीच चुकलेले दिसत नाही.

कळवा कारशेड

देवनागरी पत्त्यांविषयी थोडे. तांत्रिक आधार २०१२ पासून आहे. आरएफसी ६५३१ मधील एसएमटीपीयूटीएफ८ हे विस्तारक त्यासाठीच आहे आणि.भारत हे डोमेनही २०१४ पासून उपलब्ध आहे. परंतु एहलोच्या उत्तरात ते जाहीर केले की ते सर्वत्र निभवावे लागते. पत्ता डेटाबेसमध्ये, लॉगमध्ये, हेडरमध्ये तसाच टिकला पाहिजे, आणि हा मेल पुढे ज्या सर्व्हरकडे द्यायचा त्याला हे विस्तारक येत नसेल, तर पत्ता रोमन लिपीत उतरवून पुढे ढकलण्याची सोय नाही. मेल परतच करावा लागतो. तुम्ही बाउन्स पाठवू शकत नाही, हे लक्षात घ्या.

मराठीची स्वतःची एक गंमत यात आहे. समजा भागीदाराने 'बिऱ्हाड' असा पत्ता मागितला. यातील ऱ युनिकोडमध्ये एकाच संकेतांकाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता असे दोन संकेतांक जोडूनही लिहिता येतो. ही दोन रूपे एनएफसी या प्रमाणीकरणाने एक होतात. मात्र काही कीबोर्ड तोच अर्धा र साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक मिळून तयार करतात. पडद्यावर तिन्ही रूपे सारखी दिसतात, पण हे तिसरे रूप प्रमाणीकरणानंतरही वेगळेच राहते. बाइट जुळवून पत्ता शोधणारा सर्व्हर त्या माणसाला 'असा पत्ता नाही' म्हणून ५५० देईल आणि तो माणूस मात्र समोर बरोबर पत्ता पाहत असेल. पत्ता नोंदवतानाच ही सर्व रूपे एका ठरावीक रूपात आणणारा नियम तुम्हाला स्वतः लिहावा लागेल.

माझे मत विचाराल तर कन्साइनमेंटचे पत्ते रोमन अक्षरे आणि अंक एवढ्यांतच ठेवा, एसएमटीपीयूटीएफ८ जाहीरच करू नका, आणि तरीही कोणी देवनागरी पत्ता पाठवलाच तर ५५३ द्या. पत्त्यातील लहान-मोठ्या अक्षरांत फरक करण्याची मुभा नियमात आहे, पण ती वापरू नका. एजंट मोबाइलवरून टंकतात आणि पहिले अक्षर आपोआप मोठे होते.

जाता जाता दोन गोष्टी. पोस्टमास्टर हा पत्ता, डोमेनशिवाय लिहिलेला असला तरी, स्वीकारणे सक्तीचे आहे आणि त्यावरचे मेल खरोखर कोणीतरी वाचावेत. दुसरे, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतात ठेवावे लागतात. लॉगची रचना करतानाच ती सोय करून ठेवलेली बरी.

किल्ले गावठाण, बेलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढे पोस्टफिक्स ठेवून मागे एलएमटीपीवर आमचा प्रोग्राम, असे ठरते आहे. मजकूर वाचणारा भाग मात्र वरीलप्रमाणे पुन्हा लिहितो, कारण एलएमटीपीलाही तेच नियम लागू आहेत. एकच शेवटची शंका. आमचा सर्व्हर बंद पडला तर मेल हरवू नयेत म्हणून दुसऱ्या एखाद्या यंत्राचा राखीव एमएक्स (डोमेनसाठी मेल घेणारा म्हणून नोंदवलेला सर्व्हर) ठेवणे आवश्यक आहे काय?

ऐरोलीकर

आवश्यक नाही, आणि तुमच्या बाबतीत मी तो ठेवूही नये असे म्हणेन. तुमचा सर्व्हर उत्तर देत नसेल, तर मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत सुरक्षित असतो. दोन प्रयत्नांत निदान ३० मिनिटांचे अंतर ठेवावे आणि हार मानण्यापूर्वी निदान ४ ते ५ दिवस प्रयत्न करत राहावे, असे दस्तऐवज पाठवणाऱ्यालाच सांगतो. राखीव यंत्राकडे तुमच्या पत्त्यांची ताजी यादी नसेल, तर ते वाटेल त्या पत्त्यासाठी २५० म्हणत सुटेल, कचरा मेल पाठवणारे मुद्दाम त्याच दाराने येतील, आणि नको असलेले ते सगळे मेल मूळ सर्व्हर नाकारू लागला की बाउन्सचा ढीग त्या यंत्रावर साचेल. पोस्टफिक्सवर प्राप्तकर्त्यांची यादी वाचणारा डेटाबेस बंद असताना ४५१ जाते की नाही, ते मात्र डेटाबेस हाताने बंद करून एकदा पाहून घ्या.